विमानातली वीज आकाशात गेली तर

गावात वीज गेली की विहिरीवरची मोटर थांबते, पिठाची गिरणी थांबते, आणि माणसे ओट्यावर येऊन बसतात. म्हणून लहान विमानातली वीज उडता उडता गेली असे ऐकले, की आपण लगेच विचारतो, "मग ते पडले का हो?" एवढ्याने ते पडत नाही.

गुरुजींनी वर्गात सायकलचा डायनामो दाखवावा. चाक फिरले की आतले लोहचुंबक फिरते आणि दिवा लागतो. तिथे बॅटरी कुठे आहे? सेस्ना १७२ हे चार माणसांचे विमान. त्याच्या इंजिनावर याच जातीची दोन यंत्रे असतात. त्यांना मॅग्नेटो म्हणतात. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एकेका मॅग्नेटोचा एकेक. इंजिन फिरते आहे तोवर ठिणगी पडतच राहते; बॅटरी मेली तरी त्याला खबर नसते. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता.

सगळीच विमाने अशी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काही नव्या डिझेल इंजिनांचा कारभार संगणकाकडे असतो, आणि त्याला वीज लागते. ४ मार्च २००७ रोजी जर्मनीत श्पायर येथे अशा एका विमानाची चाके वर घेताना उतरलेल्या बॅटरीचा दाब क्षणभर घसरला आणि दोन्ही इंजिने बंद पडली.

आता समजा, एक शिकाऊ वैमानिक सेस्ना घेऊन धुळ्याकडून चिकलठाण्याच्या विमानतळाकडे येतो आहे. कन्नडचा घाट ओलांडला आणि समोर इशाऱ्याचा दिवा लागला. वीज तयार करणारा अल्टरनेटर बंद! सगळा भार बॅटरीवर. ती अर्धा तास पुरेल असे धरतात, पण जुन्या बॅटरीचा काय भरवसा?

त्याने आधी विमान सरळ धरावे. मग अल्टरनेटरचे बटण एकदा बंद करून चालू करावे. उडालेला ब्रेकर फार तर एकदाच दाबावा; पुन्हा उडाला तर कुठेतरी तार तापते आहे. धूर दिसला, तर मुख्य बटणच बंद. एरवी नको ते दिवे, नको ती यंत्रे बंद करावीत आणि रेडिओला आवाज आहे तोवरच छत्रपती संभाजीनगरच्या टॉवरला हकीकत कळवावी. उशीर करणारा पुढे मुका होतो.

बॅटरी संपली की पेट्रोलचा काटा शून्यावर जातो, टाकी भरलेली असली तरी! नवखा इथेच घाबरतो. निघताना काठी बुडवून इंधन मोजले असेल, तर मनगटावरचे घड्याळ खरा हिशेब सांगते. वेग आणि उंची दाखवणारे साधे काटे हवेच्या दाबावर चालतात. होकायंत्रही शाबूत असते. दिवसा देवगिरीचा डोंगर लांबून ओळखू येतो. रात्र असेल तर मात्र कठीण; खिशात विजेरी हवीच.

पंखांमागच्या झडपा विजेवर हलतात. त्या मिटलेल्याच राहिल्या, तर उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो आणि धावपट्टीही जास्त लागते. टॉवरवरून दिव्याची खूण मिळते. स्थिर लाल दिसला, तर दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या घालत राहायचे. स्थिर हिरवा दिसला, की पंख डावी-उजवीकडे हलवून 'समजले' म्हणायचे आणि उतरायचे.