मालकीची कसोटी

(सटाणा येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



१९३५ साली येवल्यास परमपूज्य बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती आपल्या जिल्ह्यात प्रत्येकाच्या मुखी आहे. परंतु १९३८ साली याच जिल्ह्यात, मनमाडला, रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे ते जे बोलले त्याचे स्मरण आपण कमी ठेवतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी बजावले होते. म्हणून मी तुम्हांस विचारतो : आपल्यातीलच कोणी कारखान्याचा मालक झाला, तर आपण त्याचा अभिमान कशासाठी बाळगावा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. कल्पना सरोज यांचे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. त्यांचा जन्म १९६१ साली अकोला जिल्ह्यातील रोपरखेडा या खेड्यात, एका पोलीस हवालदाराच्या घरी झाला. बाराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून दिले गेले. मुंबईच्या झोपडपट्टीतील सासरी मारहाण आणि उपासमार वाट्यास आली. वडिलांनी मुलीची दशा पाहिली आणि तिला घरी आणले. पण गावाचे टोमणे थांबेनात. त्या मुलीने जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्यातून वाचल्यावर ती पुन्हा मुंबईस गेली आणि होजिअरीच्या कारखान्यात रोज दोन रुपयांवर राबू लागली.

मातांनो, येथे क्षणभर थांबा. पोरीचे लग्न उरकले की जबाबदारी संपली, ही समजूत आपण जुन्या धर्माबरोबर टाकली आहे काय? दीक्षा घेतलेल्या घरातही कोवळ्या वयात मुलीची शाळा सुटत असेल, तर त्या घराचे धर्मांतर अपुरे आहे. आणि लेकीला परत आणणाऱ्या त्या बापाचेही स्मरण ठेवा. लोकांच्या बोलण्यापेक्षा त्याने लेकीचा जीव मोलाचा मानला.

पैशाअभावी उपचार न झाल्याने कल्पनाताईंची धाकटी बहीण दगावली. त्यानंतर त्यांनी महात्मा फुले यांच्या नावाच्या शासकीय योजनेतून ५०,००० रुपयांचे कर्ज मिळविले व फर्निचरचा व्यवसाय सुरू केला. पुढे कल्याणला त्या बांधकामाच्या धंद्यात उतरल्या. हे कर्ज म्हणजे कोणाची कृपा नव्हती. अशा योजना हा आपला हक्क आहे. बौद्ध झाल्यावर सवलती जातात, अशी भीती कोणी घातली तर त्यास सांगा की, १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला.

आता कारखान्याकडे वळू. मुंबईत कुर्ल्यास कमानी ट्यूब्ज ही तांब्याच्या व मिश्रधातूंच्या नळ्या करणारी कंपनी होती. मालक घराण्यातील कलहाने ती डबघाईस आली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिची मालकी कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. देशाचे लक्ष वेधणारा तो प्रयोग होता. परंतु तोही टिकला नाही. कर्ज ११६ कोटी रुपयांवर गेले, कोर्टकज्जे साचले, पगार थकले. तेव्हा त्या कामगारांनीच कल्पनाताईंचे दार ठोठावले. धातूच्या धंद्याचा अनुभव नसताही त्यांनी हे ओझे स्वीकारले. बँकांशी बोलणी करून दंडव्याज कमी करून घेतले आणि २००६ साली त्या कंपनीच्या अध्यक्षा झाल्या. कामगारांची थकबाकी देण्यास तीन वर्षांची मुदत होती. ती आपण तीन महिन्यांत चुकती केली, असे त्यांनी सांगितले आहे. पुढे कारखाना वाड्यास हलविण्यात आला. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

बंधूंनो, मी त्या मानचिन्हाकरिता त्यांचे नाव घेत नाही. एक व्यक्ती खुर्चीवर बसली म्हणून मनमाडला सांगितलेले दोन शत्रू नाहीसे होत नाहीत. खुर्चीवर आपला माणूस असूनही खाली मजुराचा पगार बुडत असेल, तर त्या खुर्चीचा आपल्याला उपयोग काय? अभिमान धरावा तो थकलेला पगार आधी देण्याचा. तथागतांनी सम्यक आजीविका सांगितली, तिचा अर्थ येथे हिशेबाच्या वहीत वाचता येतो.

आपण बागलाणातील माणसे. कोणी बाजार समितीत हमाली करतो, कोणी चाळीत कांदा भरतो, कोणी डाळिंबाच्या बागेत रोजाने जातो. उद्या तुमच्यापैकी कोणी चार माणसे कामास ठेवील. त्या दिवशी हजेरीची वही चोख ठेवा. बाईस आणि पुरुषास सारख्या कामाचा सारखा रोज द्या. आणि आठवड्याचा पगार आठवड्यास द्या. तो दिवस येण्याआधी मुलीला शाळेतून काढू नका, आणि कर्जाचा कागद वाचल्याविना त्यावर अंगठा वा सही करू नका.

मालक होणे हे आपले ध्येय असो वा नसो, मालक झाल्यावर मजुराला न विसरणे हे आपले व्रत असले पाहिजे.

जय भीम!