निदानापूर्वीचे दिवस

मुलाचे पोट वारंवार दुखते, वजन वाढत नाही. डॉक्टरांना सीलिॲक रोगाचा संशय आहे, परंतु तपासणीस अजून अवकाश आहे. हे मधले दिवस आईबापांस फार जड जातात. गहू आजच बंद करावा असा मोह होतो. शेजारीणही तेच सांगते. डॉक्टरांच्या आज्ञेवाचून तसे करू नये. ग्लूटेनने आतड्यास होणारी इजा रक्तातील प्रतिपिंडांवरून व आतड्याच्या सूक्ष्म तुकड्यावरून ओळखतात. गहू सुटला की या खुणा पुसट होतात. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाचा हा दोष १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला होता. तेव्हा अफझलगंजातून आणलेले उस्मानिया बिस्किट तूर्त हिरावून घेऊ नका, तेही मैद्याचेच. पुढे निदान पक्के झालेच, तर आपली ज्वारीची भाकरी आणि भात आहेच.

मग वेदनेचे काय? कोमट पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पोटावर धरावी, थोडेथोडे खावयास द्यावे, जवळ बसावे. ‘सोंग करतो’ असे मुळीच म्हणू नये. दुखण्याची वेळ वहीत टिपावी. शाळेत मास्तरांच्याही कानांवर घालावे. मात्र हिरवी उलटी, शौचातून रक्त किंवा न थांबणारी कळ दिसली, तर ठरल्या तारखेची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.