आधी हात बघा, मग लोखंड कापा



आज चकलांबा परिसरातल्या मंडळींशी बियाण्याबद्दल की खताबद्दल बोलायचं नाही. बोलायचं आहे ते घरच्या घरी अवजार सुधारण्याबद्दल. जुनी सायकल अडगळीत पडलेली असते, वेल्डिंगवाला ओळखीचा असतो आणि डोक्यात कल्पना घोळत असते. मग माणूस थेट लोखंड कापायला बसतो आणि पैसे वाया घालवतो.

जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांचं सायकल-कोळपं पुष्कळांनी ऐकलं असेल. बैल परवडत नाहीत ही त्यांची अडचण. सायकलवर केळीचा भार लादून ती ढकलत नेणारा माणूस त्यांना दिसला आणि त्यावरून त्यांना ढकलायचं कोळपं सुचलं. यात खुबी काय? भार चाकानं पेलला, आणि हँडल कसं धरायचं हे कुणाला शिकवावं लागलं नाही. मला इथं धरा, असं वस्तूनंच सांगितलं पाहिजे. ते सांगायला शेजारी माणूस उभा करावा लागत असेल, तर अवजार अजून कच्चं आहे असं समजा.

असं कोळपं करायचं मनात असेल, तर आधी अर्धा दिवस कपाशीत खुरपणाऱ्या बायांकडे नुसतं बघा. वाकणं कुठं होतं, मनगट कुठं वळतं, किती वेळानं कंबर धरून उभं राहावं लागतं? अवजार बहुधा गडी माणूस स्वतःच्या उंचीनं करतो आणि चालवायचं असतं बाईला. मग ते आठ दिवसांत गोठ्याच्या आढ्याला जातं. मूठ चालवणाऱ्याच्या कंबर आणि कोपर यांच्या मध्ये यावी. घरात दोघं-तिघं चालवणार असतील, तर दांडीला वर-खाली बोल्ट लावायला तीन भोकं पाडून घ्या. तेवढ्यानं काम भागतं.

पहिला नमुना बांबू आणि सुतळीचा करावा. पास वेल्डिंगनं पक्की करू नका, बोल्टनं बसवा. पास फार उभी झाली तर रुतते, फार आडवी झाली तर वरून घसरते. आमच्या काळ्या रानात रुंद पास ओढायला जड जाते. मात्र रुंदी आणि कोन एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही. वाफशावर एक तास जुन्या पद्धतीनं आणि एक तास नव्यानं काढा. घड्याळ लावा, आणि कपाशीची रोपं किती कापली गेली तेही मोजा. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत तण राहिलं तर कपाशी मागं पडते, म्हणून ही खटपट लांबवू नये.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा वैभव विळा हातात घेऊन बघा. दातऱ्यांमुळे ताट निसटत नाही, इतकी साधी गोष्ट आहे.

आता मळणी यंत्राचं. इथं चूक म्हणजे बोटं, कधी अख्खा हात. 'सांभाळून काम करा' असं नुसतं रंगवून भागत नाही. रात्री अकराला दमलेला माणूस पाटी वाचत नाही, पेंढीबरोबर त्याचा हात आत जातो. म्हणून भारतीय मानकात पेंढी सरकवायची पन्हळ किमान ९० सेंटीमीटर लांब आणि त्यातली किमान ४५ सेंटीमीटर वरून झाकलेली सांगितली आहे. म्हणजे हात पात्यापर्यंत पोचतच नाही. मळणी यंत्रांसाठी १९८३ साली केंद्राचा कायदाही झाला. तरी काम झपाट्यानं उरकावं म्हणून पन्हळ आखूड करून घेणारे आहेतच. ही सुधारणा नव्हे.

यंदा यंत्र खळ्यावर आलं की पट्टा चढवायच्या आधी टेप लावा. पन्हळ ९० सेंटीमीटरला कमी भरली, तर मालकाला जाड पत्रा जोडून आणायला सांगा, तोवर पेंढी तशीच राहू द्या. वेल्डिंगवाल्याचं ते तासाभराचं काम आहे.