पवनचक्की पाऊस पळवते का? आपणच मोजू
(नारायणगड येथील गटांच्या बैठकीत केलेलं बोलणं)

बायांनो, मागच्या बैठकीत हप्त्याचं बोलणं चाललं होतं आणि मधेच एक ताई म्हणाली, "पीकच गेलं तर हप्ता कुठून भरू? पवनचक्क्यावाल्यांनी पाऊस पळवला." चार-पाच जणींनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, कंपनीला ऊन-वारा पाहिजे, म्हणून ती मुद्दाम ढग फोडते. मी तेव्हा गप्प बसले, कारण नुसतं "असं काही नसतं" म्हणून कुणाचं समाधान होत नाही. आज हिशोब घेऊन आले आहे.

आपल्या जिल्ह्यात मांजरसुंबा, पाटोद्याकडं माळावर पवनचक्क्या आहेत. खांब आणि वर उभं पातं धरून मोठी पवनचक्की दीडशे मीटरच्या आसपास भरते. गडगडाटी पावसाचा ढग आठ-दहा किलोमीटर उंच चढतो. दहा हजाराला दीडशेनं भागा, सहासष्ट येतात. म्हणजे पवनचक्की वीतभर धरली, तर ढग गावातल्या पाण्याच्या टाकीएवढा, पन्नास फुटांचा. वीतभर बाहुलीनं टाकी ढकलायची म्हटल्यासारखं झालं.

दुसरं, ती वारा सोडतच नाही. घरातला पंखा वीज खातो आणि वारा देतो. पवनचक्की उलटी, वारा खाते आणि वीज देते. जत्रेतली कागदाची फिरकी तोंडापुढं धरून फुंका. फिरकी फिरेल, पण तिच्यामागं हात धरला तर फुंकर कमीच लागेल, वाढणार नाही.

मग आपल्याला तसं दिसतं का? दिसतं, ते खोटं नाही. जून-जुलैत पश्चिमेचा वारा जोरात असतो. तोच वारा पाती फिरवतो आणि तोच ढग पुढं नेतो. आपल्याला दोन्ही एकाच वेळी दिसतं आणि वाटतं, पात्यानंच ढग हाकलला. बैलगाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं ना, गाडी मीच ओढतोय, तसं.

घरी सासूबाईंना १९७२ विचारा. खडी फोडली, मिलो खाल्ली. तेव्हा माळावर एक तरी पवनचक्की होती का? साताऱ्यात पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर शेकडो पवनचक्क्या आहेत, आणि तो कोयनेकडचा मुलूख, तिथं पाऊस धो-धो पडतो. आपल्याकडं वर्षाला साधारण साडेसहाशे मिलिमीटर आणि महाबळेश्वरला पाच हजारांच्या पुढं. कारण मधे सह्याद्री उभा आहे. ढग तिकडंच रिते होतात. ही तूट पवनचक्क्यांच्या कितीतरी आधीची.

जमिनीचा मोबदला, शेतातून काढलेला रस्ता, यावरून कुणाची तक्रार असेल तर ती वेगळी. ती कागद घेऊन जरूर भांडा. पण "ढग फोडले" असा अर्ज दिलात तर साहेब हसून खरी तक्रारही बाजूला ठेवील.

कुणी म्हणेल, ढगाचंच तर आहे, मानलं तर कुणाचं काय जातं? धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातही माळावर पवनचक्क्या आहेत. त्याच तालुक्यातलं राईनपाडा. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज फोनवर आधीपासून फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना लोकांनी धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत जिवे मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. आपल्या दारात येतात तसेच भिक्षेकरी. त्या गर्दीत एकानं जरी विचारलं असतं, मूल कुणाचं गेलं, कोणत्या गावचं, तक्रार कोणत्या ठाण्यात, तर उत्तराला एक नाव निघालं नसतं.

आणि "मला पाच जणींनी पाठवलं, म्हणजे खरंच असेल" म्हणू नका. एकीनं दहा जणींना पाठवलं, त्या प्रत्येकीनं आणखी दहांना, तर सहाव्या फेरीला दहा लाख होतात. पाच जणींकडून आलेला तो एकच मेसेज असतो, पाच साक्षीदार नव्हेत.

आता पवनचक्कीचा निकाल आपणच लावू. आपण गटाची वही लिहितो, त्यात जमा तेवढी लिहून खर्च सोडला तर चालेल का? इथं आपण तेच करतो. पाती फिरली आणि पाऊस आला नाही, तेवढंच लक्षात राहतं. वहीत चार रकाने पाडा: फिरली–आला, फिरली–नाही, थांबली–आला, थांबली–नाही. पवनचक्कीजवळच्या गावातल्या गटानं रोज एक खूण करायची. आपण गडाच्या आसपासच्या गटांनी नुसता पाऊस मोजायचा. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघू. एका सरीवर, एका वर्षावर ठरवायचं नाही, कारण पाऊस एका शिवारात पडतो आणि बांधापलीकडं कोरडं राहतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. महसूल मंडळाचे पावसाचे आकडे सहायक कृषी अधिकाऱ्याकडं मागा, ताळा करायला बरे.

त्याच वहीचा आणखी एक उपयोग. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वीस बाय पंधरा फुटांचा पत्रा अठ्ठावीस चौरस मीटर भरतो. वर्षाच्या पावसात त्यावरून अठरा हजार लिटर पाणी ओघळून जातं. ते कुणी पळवलेलं नाही बरं का.

मृगापासून सुरू करू. डबा उभ्या सरळ बाजूंचा, सपाट तळाचा घ्या, निमुळता नको. झाडाखाली, वळचणीला ठेवू नका, अंगणात उघड्यावर ठेवा. रोज सकाळी आठला पट्टी उभी बुडवून मोजायचं, लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. पट्टी पोरांच्या दप्तरातली चालेल, फक्त शून्य अगदी टोकापासून सुरू होतं का ते बघून घ्या.