पेन्शनर हवालदाराने लिहिलेला इतिहास



अध्यक्षीय भाषणाची सुरुवात साहित्याच्या व्याख्येने करायची आपल्याकडे रीत आहे. आज ती बाजूला ठेवून एका हवालदाराविषयी बोलायचे आहे. त्यांचे नाव गोपाळ बाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. महार जातीत जन्मलेला हा माणूस फौजेत भरती झाला, हवालदार झाला, 1886 साली निवृत्त होऊन दापोलीत राहिला आणि दोनच वर्षांनी, 1888 मध्ये, त्याने 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली. तिच्यात 26 प्रश्न आहेत. विटाळ कुठून आला, त्याला आधार कोणता, आणि एका माणसाच्या सावलीने दुसरा माणूस बाटतो तो कसा, याचा जाब त्यांनी धर्माच्या अधिकाऱ्यांना विचारला. हाताखालच्या माणसाने वरच्याला लेखी प्रश्न विचारायचा आणि लेखी उत्तराची अपेक्षा धरायची, ही सवय पलटणीतल्या कागदपत्रांनी लावलेली असावी.

दापोलीचा कँप तेव्हा पेन्शनरांची वस्ती होता. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले. रामजी फौजेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. पहिली गोष्ट शाळेची. गावच्या शाळेत ज्यांना पायरीवरही बसू देत नसत, त्यांची मुले छावणीतल्या शाळेत लिहायला शिकली. दुसरी गोष्ट पेन्शनची. दरमहा सरकारी खजिन्यातून येणारा पैसा गावचा पाटील अडवू शकत नव्हता, सावकार कापू शकत नव्हता. ज्याची चूल गावावर अवलंबून नाही तोच गावाला प्रश्न विचारू शकतो. वलंगकरांची लेखणी चालली ती या दोन आधारांवर. 'दीनबंधू' या वृत्तपत्रात त्यांनी लिहिले, 'सुधारक'मध्येही लिहिले. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचाराचे ते होतेच. पुढे त्यांनी आपल्या लोकांची संघटना उभी केली, तिचे नाव अनार्य दोष परिहारक मंडळी.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एक निवृत्त लष्करी अधिकारी आपल्या बंधुमंडळाचा इतिहास लिहीत होता. रॉबर्ट फ्रीक गूल्ड हे त्याचे नाव. एकतिसाव्या पलटणीत लेफ्टनंट, नंतर बॅरिस्टर. फ्रीमेसन मंडळींचा त्याने लिहिलेला मोठा इतिहास 1882 ते 1887 या काळात खंडाखंडाने प्रसिद्ध झाला. दंतकथा बाजूला सारून कागदावर विसंबायचे, हा त्या इतिहासाचा कणा, आणि त्याबद्दल गूल्डचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्याच्या हाताशी लॉजची, म्हणजे मंडळाच्या शाखांची, जुनी दप्तरे होती, इतिवृत्ते होती, ग्रंथालये होती. वलंगकरांच्या बंधूंचे दप्तर कुठे होते? कोरेगाव भीमाच्या स्तंभावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने पडलेल्यांची नावे कोरली आहेत. त्यांत सोमनाक, रामनाक, अंबनाक, गणनाक अशी, शेवटी 'नाक' येणारी 22 महार नावे आहेत. दगडावरची ती 22 नावे हे त्या काळी या समाजाचे सर्वांत पक्के दप्तर होते.

आणि नेमका तोच पुरावा सरकारने निकालात काढला. कोणत्या जाती लढवय्या आणि कोणत्या नाहीत याची प्रतवारी लष्करात सुरू झाली, लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना ती पक्की झाली आणि 1890 नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची भरती बंद पडली. छावणीची शाळा गेली, पेन्शन गेली, पोरांचे पुढचे सगळे गेले. वलंगकरांनी 1894 च्या सुमारास लष्करी अधिकाऱ्यांसाठी विनंतिपत्र लिहिले. त्यात भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी तर आहेच, शिवाय इतिहासही आहे. आपले पूर्वज क्षत्रिय होते, 1396 च्या दुर्गादेवीच्या दुष्काळात जगण्यासाठी मिळेल ते खाल्ले म्हणून त्यांना बहिष्कृत केले गेले, अशी मांडणी त्यांनी केली.

ही मांडणी आजच्या संशोधनाच्या कसोटीला उतरत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एका दुष्काळाने अस्पृश्यता जन्माला आली नाही. शिवाय एकीकडे मंडळीच्या नावात अनार्य आणि दुसरीकडे विनंतिपत्रात क्षत्रिय, हा विरोध लपणारा नाही. पण अर्ज कोणासाठी लिहिला होता ते पाहा. रक्ताच्या वंशावळीवरून बंदूक द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या साहेबासाठी. त्याला समजेल त्याच भाषेत वलंगकरांनी दावा मांडला. पोटासाठी लिहिलेला इतिहास म्हणून त्याला कमी लेखणाऱ्यांनी, दरबारी बखरी कोणाच्या पोटासाठी लिहिल्या गेल्या, याचाही हिशेब करावा. वलंगकरांच्या लेखनात टिकून राहिली आहे ती एक ठाम भूमिका: अस्पृश्यता केव्हातरी सुरू झाली, माणसांनी सुरू केली, म्हणजे ती दैवी नाही. इतिहासकाराला यापेक्षा मोठे काम क्वचितच करता येते.

1895 मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. एका महाराबरोबर एकाच सभेत बसायचे, हे तिथल्या उच्चवर्णीय सभासदांना रुचले नाही, आणि त्यावरून वर्तमानपत्रांत वादही झाले. 1900 साली वलंगकर वारले. 1927 च्या मार्चमध्ये त्याच महाडात बाबासाहेबांचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले होते. महार रेजिमेंट उभी राहायला मात्र 1941 उजाडले.

ते 1927 साल आपल्या बुलढाणा जिल्ह्याचेही आहे. चिखलीचे पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी त्याच वर्षी जोतीराव फुले यांचे चरित्र प्रसिद्ध केले. जोतीरावांना जाऊन 37 वर्षे झाली होती. पुण्या-मुंबईच्या विद्वानांची वाट न पाहता बुलढाणा जिल्ह्यातल्या एका सत्यशोधकाने आपल्या चळवळीच्या प्रवर्तकाचे चरित्र लिहून ठेवले. ते पाटील फौजेतले नव्हते, पण वलंगकरांचेच काम त्यांनी पुढे नेले, असे म्हणायला हरकत नाही.

वलंगकरांचे विनंतिपत्र आज आपल्याला माहीत आहे ते बाबासाहेबांचे चरित्रकार चांगदेव भवानराव खैरमोडे यांच्यासारख्यांनी असले कागद जिवापाड जपले म्हणून. मोताळा, मलकापूर, नांदुरा भागातल्या कितीतरी घरांत पत्र्याच्या पेटीत आजोबांचे डिस्चार्ज सर्टिफिकेट पडलेले असेल: घडीवर फाटलेले, कोपऱ्यात शाईचा शिक्का, नाव, गाव, भरतीची तारीख, आणि खाली वर्तणूक चांगली असल्याचा शेरा. सत्यशोधकी लग्नाची पत्रिका असेल, जलशाच्या गाण्यांची वही असेल. ज्यांच्या घरी असे काही आहे त्यांनी ते या संमेलनाच्या कार्यकर्त्यांना दाखवावे. कागद घरातच राहू द्या, पण त्याचा फोटो आणि चार ओळींची नोंद गावच्या वाचनालयात जमा करा. हे काम पावसाळ्याआधी सुरू व्हावे, असा ठराव आजच्या समारोपाच्या सत्रात मांडावा, ही सर्वांना विनंती.