खेळाडूच्या दातांची ढाल

ठाण्यात काय किंवा कल्याण-डोंबिवलीत काय, संध्याकाळी मैदानावर कबड्डीचा सराव रंगलेला दिसतो. गुडघ्याला नी-कॅप असते, पायात बूट असतात. दात मात्र उघडेच.

माझ्या दवाखान्यात एकदा १४ वर्षांचा मुलगा आला. पकड करताना चढाई करणाऱ्याची टाच तोंडावर बसली आणि वरचा पुढचा दात मुळासकट निखळला. घरच्यांनी तो कोरड्या रुमालात गुंडाळून दीड तासाने आणला. मुळावरच्या जिवंत पेशी तोवर सुकल्या होत्या. दात बसवला, पण पुढे तो टिकला नाही. जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत इम्प्लांटही करता येत नाही.

हे बऱ्याच अंशी टाळता येते. मुष्टियोद्धे वापरतात ते माउथगार्ड धक्का एका दातावर न ठेवता सगळीकडे विभागते, ओठ दातांवर चिरडू देत नाही. डोक्याला बसणाऱ्या धक्क्यापासूनही ते वाचवील, असा भरवसा मात्र धरू नये.

मग आपली मुले ते का घालत नाहीत? दुकानातले तयार माउथगार्ड सैल असते, दात आवळून धरावे लागते. आणि चढाईत तर 'कबड्डी, कबड्डी' असा दम स्पष्ट घ्यावा लागतो! गरम पाण्यात मऊ करून चावायचे गार्ड जरा बरे. पण चावताना ते हवे तिथेच पातळ होते.

मापाचे गार्ड वेगळे. दंतवैद्य वरच्या दातांचे माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा होतो. ईव्हीए नावाच्या लवचीक प्लास्टिकची सुमारे ४ मिलिमीटर जाडीची शीट तापवून यंत्राने साच्यावर ओढून बसवतात. ओढताना ती पुढच्या दातांवर पातळ होते, म्हणून दणकट खेळांसाठी दोन थर देतात. ओठाची दोरी मोकळी राहील अशी कड कापतात. शेवटी दोन्ही बाजूंच्या दाढा सारख्या टेकतात ना, हे पाहतात. परीक्षा सोपी आहे. तोंड उघडले तरी गार्ड खाली पडू नये आणि दम खणखणीत ऐकू यावा.

वापरानंतर ते गार पाण्याने धुवावे, हवा खेळेल अशा डबीत ठेवावे. उन्हात वा कढत पाण्यात त्याचा आकार बिघडतो. वाढत्या मुलांचे दात सरकतात, तेव्हा गार्ड सैल झाले की नवे करावे.

आणि तरीही कायमचा दात निखळलाच, तर मुळाला हात न लावता तो वरच्या भागाने उचला. घाण असेल तर क्षणभर धुवा. पण घासू नका. जमल्यास लगेच जागेवर बसवा, नाहीतर दुधात ठेवून तडक दंतवैद्याकडे न्या. पहिला अर्धा तास मोलाचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

मैदानावर प्रथमोपचाराची पेटी असतेच. तिच्या झाकणावर एवढ्या चार ओळी लिहून ठेवल्या, तर एखाद्या मुलाचे हसू वाचेल.