सोंगाड्याच्या डोक्यावर पाटलाची टोपी



जुन्नरात व्याख्यान म्हटले की शिवनेरी, नाणेघाट, सातवाहन अशा भारदस्त विषयांची अपेक्षा असते. त्या मानाने आजचा विषय पुष्कळ हलका वाटेल. एका नटावर मी बोलणार आहे, आणि तोही नायक नव्हे. ज्याचे नाव पाटीवर तिसऱ्या-चौथ्या ओळीत यायचे आणि ज्याच्यासाठी तिकीट मात्र आपण पहिल्या रांगेचे काढायचो, असा तो नट. निळू फुले.

चरित्र-अभिनेता हा शब्द आपण इंग्रजीवरून घेतला. नायक-नायिकांखेरीज जी माणसे गोष्टीत वावरतात, त्या भूमिका करणारा तो. हॉलिवूडनेही अशा नटांची वेगळी नोंद घ्यायला बराच वेळ लावला. तिथल्या अकादमीची पारितोषिके सुरू झाल्यावर सहायक नटासाठी निराळे पारितोषिक आले ते 1936 सालच्या चित्रपटांपासून. पहिलेच मिळवले वॉल्टर ब्रेनन यांनी. पुढे 1938 आणि 1940 सालच्या चित्रपटांसाठी त्यांनाच ते आणखी दोनदा मिळाले. म्हातारे, विक्षिप्त, दात पडलेले असे इसम उभे करण्यात त्यांची हयात गेली. आपल्याकडे अशा नटाला निराळे पारितोषिक नव्हते तेव्हा निराळी शिक्षा होती. त्याने एक भूमिका उत्तम केली की जन्मभर तीच करायची! निळूभाऊंनी ही शिक्षा भोगली, आणि त्यातूनही मधूनमधून निसटून जाऊन जे केले, ते मला आज सांगायचे आहे.

जन्म 1930 चा, पुण्यातला. घर बेताच्या परिस्थितीचे. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळ्याची नोकरी केली, आणि उरलेला वेळ राष्ट्र सेवा दलाला दिला. सेवा दलाचे कलापथक हीच त्यांची नाट्यशाळा. लोकांपुढे उभे राहून त्यांच्याच भाषेत, त्यांना हसवत हसवत एखादी गोष्ट गळी उतरवायची, हा कलापथकाचा धंदा. आणि त्याला हाताशी धरलेले साधन म्हणजे तमाशाचा वग. तिथेच राम नगरकरांसारखा जोडीदार मिळाला. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने या मंडळींना घरोघर पोचवले.

आता वग म्हणजे काय, सोंगाड्या म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागते. इथे सांगू लागलो तर तुम्ही मला हसाल. नारायणगाव तुमच्याच तालुक्यातले. चैत्राच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पंचमंडळी जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग यांनी ज्या गावाचे नाव स्वतःच्या नावापुढे लावून महाराष्ट्रभर नेले, त्याच्या शेजारी बसून मी तमाशावर काय बोलावे? एकच गोष्ट लक्षात आणून देतो. सोंगाड्याचे काम नुसते हसवण्याचे नसते. राजाला, सावकाराला, पाटलाला भर चौकात जे कुणी बोलू शकत नाही, ते तो बोलतो. पाटील पुढच्या बाजूला लोडाला टेकून बसलेला असतो आणि सोंगाड्या त्याचीच चाल, त्याचेच खाकरणे, त्याचीच मिशीवरची बोटे त्याला दाखवत असतो. म्हणजे गावात पाटलाला सगळ्यांत बारकाईने कुणी पाहिलेले असेल तर ते सोंगाड्याने.

माझे म्हणणे असे की निळू फुले यांच्या खलपुरुषाची सगळी किल्ली इथे आहे. 1968 साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटात त्यांनी झेलेअण्णा केला, आणि मराठी पडद्यावर एक नवाच माणूस आला. त्यापूर्वीचा दुष्ट माणूस कसा असे? डोळे गरगरा फिरवणारा, गडगडाटी हसणारा. प्रेक्षकाला त्याची भीती वाटत नसे. तो घरी भेटत नसे ना! झेलेअण्णा मात्र घरी भेटणारा होता. चावडीवर, सोसायटीच्या कचेरीत, लग्नाच्या मांडवात पुढच्या खुर्चीवर. सोंगाड्याने आयुष्यभर पाटलाची नक्कल केली होती. आता तो थेट पाटलाच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि आत काय चालते ते त्याला बाहेरून पाहून पाठ झालेले होते.

त्यांच्या आवाजाचा विचार करा. मोकळ्या मैदानात, हजारो माणसांपुढे, ढोलकी-हलगीच्या संगतीत वाढलेल्या नटाला आवाज चढवायची सवय लागते. निळूभाऊंनी कॅमेऱ्यापुढे आवाज उतरवला. घशातून, जरासा घोगरा, शब्द चघळत चघळत येणारा तो आवाज. मान वाकडी, नजर तिरपी, वाक्याच्या मध्येच थांबणे. ज्याच्या हाती खरोखर सत्ता आहे त्याला ओरडावे लागत नाही. लोक वाकून ऐकतात. हे निरीक्षण शाळेत शिकवत नाहीत. त्यांनी ते इतके अचूक मांडले की खेडोपाडी बायाबापड्या त्यांना खरोखरीच दुष्ट समजत आणि तोंडावर शिव्याशाप देत, असे सांगतात. एखाद्या नटाला याहून मोठी पावती नाही, आणि याहून महागही नाही.

इथून 1972 सालाकडे वळू. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ कमलाकर सारंगांनी रंगभूमीवर आणले, आणि सखाराम म्हणून निवडले निळू फुले यांना. नाटकाचा सखाराम जातीने ब्राह्मण, व्यवसायाने पुस्तकबांधणी करणारा. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, शिवराळ, आणि आपल्या वागण्याची एक प्रकारची रोखठोक नीती सांगणारा. पांढरपेशा रंगभूमीवरचा एखादा संभावित नट तिथे उभा राहिला असता तर शिव्या देताना त्याची जीभ अडखळली असती. मग प्रेक्षकाला सुटकेची वाट मिळाली असती की हे सगळे नाटकच आहे. निळूभाऊंच्या तोंडी ती भाषा घरची वाटली. सखाराम मृदंगावर बसतो तेव्हाचा त्याचा आनंद आणि चंपेपुढे त्याची हळूहळू होत जाणारी पडझड, या दोन टोकांमधला माणूस त्यांनी सांभाळला. चंपा लालन सारंगांची. तो पुरुष किळसवाणा वाटतो आणि त्याची कीवही येते, ही नाटकाची मागणी होती. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. परिनिरीक्षण मंडळाने कात्री उगारली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला.

दोनच वर्षांनी ‘सामना’. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, रामदास फुटाणे यांची निर्मिती. 1975 साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. परदेशी परीक्षकांना त्यातला साखर कारखाना कितपत समजला कोण जाणे. आपल्याला मात्र तो फार चांगला समजतो. हिंदुराव धोंडे-पाटील हा त्या परिसराचा अनभिषिक्त राजा. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर म्हणजे दारूत बुडालेला, पूर्वी कधीतरी ध्येयवादी असलेला म्हातारा. तो चुकून या गावात येतो, आणि मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले असा एकच प्रश्न विचारत राहतो.

या भूमिकेवर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण इथे निळूभाऊंना नुसता दुष्ट माणूस करायचा नव्हता. हिंदुरावाने त्या मुलखाचे भले केलेले आहे. उसाला भाव, तरुणांना नोकऱ्या, डांबरी रस्ता, या गोष्टी खऱ्या आहेत. मास्तरला तो घरी ठेवून घेतो, त्याला दारू पाजतो, त्याच्याशी गप्पा मारतो. त्याला या म्हाताऱ्याचे काहीतरी आवडले आहे. निळूभाऊ हा जिव्हाळा खोटा करत नाहीत. जो माणूस आपल्याशी इतके मायेने बोलतो त्यानेच एका माणसाचा काटा काढला असावा, अशी शंका प्रेक्षकाला येऊ लागते तेव्हा तो हिंदुरावापेक्षा स्वतःला अधिक घाबरतो. कारण पाणी, कारखाना, नोकरी यांच्या मोबदल्यात एखाद्या मारुती कांबळेविषयी न विचारण्याचा करार आपणही केलेला असतो. ज्या ज्या तालुक्यात धुराडे आहे तिथे हा चित्रपट पुन्हा पुन्हा दाखवावा, असे मला वाटते. आपल्या तालुक्यालाही अर्थात वगळण्याचे कारण नाही!

त्यानंतर तोच साचा चालू झाला. सरपंच, पाटील, चेअरमन, आमदार. टोपी तीच, धोतर तेच, बाईकडे पाहण्याची नजर तीच. नकलाकारांनी तर वाड्यावर बोलावणारे एक वाक्य त्यांच्या नावावर असे चिकटवले की आजच्या मुलांना निळू फुले म्हणजे तेवढेच माहीत आहे. निर्मात्यांना दोष देणे सोपे आहे. पण तिकिटे आपण काढली. ‘सामना’त ज्या माणसाने आपल्याला अस्वस्थ केले, त्याला पुढच्या चित्रपटात आपण निव्वळ करमणुकीसाठी मागितले. धाक गेला, चाळा उरला.

अधूनमधून मात्र कुणीतरी त्यांच्यातला दुसरा माणूस हुडकून काढी. जब्बार पटेलांनीच 1979 साली ‘सिंहासन’मध्ये त्यांना दिगू टिपणीस दिला. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री, सतीश दुभाषी कामगार पुढारी. इतकी दांडगी माणसे सत्तेसाठी झुंजत असताना निळूभाऊंच्या वाट्याला सत्ता मुळीच नाही. खांद्यावर पिशवी घेऊन सर्वांच्या घरी जाणारा, सगळे जाणणारा आणि काहीच बदलू न शकणारा पत्रकार. शेवटी भर रस्त्यात तो वेड्यासारखा हसत सुटतो, ते हसू ऐकताना मला सोंगाड्या आठवतो. फक्त इथे पुढे बसलेला पाटील सोंग पाहायला थांबलेला नसतो. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’ नाटकात तर ते मुख्यमंत्र्यांचे म्हातारे, गांधीवादी वडील अप्पाजी झाले. ज्या नटाने खुर्चीवरचा माणूस इतक्या वेळा उभा केला, त्यानेच त्या खुर्चीला जाब विचारणारा बापही उभा केला.

हिंदीतही ते गेले. 1983 चा ‘कुली’, 1984 चा ‘सारांश’. ‘सारांश’मधला गजानन चित्रे हा पुढारी मुंबईचा आहे, पण रक्त हिंदुरावाचेच. 1991 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पडद्याबाहेरचे निळूभाऊ सेवा दलातच राहिले म्हणायला हरकत नाही. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देता यावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, तेव्हा डॉ. लागू आणि इतर नामवंतांबरोबर अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत ते गावोगाव फिरले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतही ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या बरोबर होते. गंमत अशी की अशा सभांना गर्दी व्हायची ती पडद्यावरच्या त्या दुष्ट पाटलाला पाहायला. तो पाटील व्यासपीठावर यायचा आणि बुवाबाजीला बळी पडू नका म्हणून त्याच घोगऱ्या आवाजात सांगायचा.

13 जुलै 2009 रोजी पुण्यात ते वारले. त्याच वर्षी त्यांचा शेवटचा चित्रपट आला, ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’. विषय शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा.